नाव गावच्या यादीत आणि राहायला वाकडला, मग मत कुठं द्यायचं?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. मूळ गाव यवतमाळ जिल्ह्यात, दोन वर्षांपासून नोकरीसाठी वाकडला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहताय, तुमचं मतदान कार्ड गावचं, बायकोचं नाव अजून तिच्या माहेरी अकोल्याच्या यादीत माहेरच्या आडनावानं, आणि येत्या निवडणुकीत दोघांनाही इथंच मत द्यायचंय तर "पुण्याचं नवीन कार्ड कसं काढायचं". शिवाय गावी ८७ वर्षांची आजी आहे, तिला केंद्रापर्यंत चालवत नाही, तिचं काय. मी शाळेत शिकवतो, बरीच वर्षं बीएलओचं, म्हणजे मतदार यादीसाठी घरोघर पडताळणी करणाऱ्या केंद्रस्तरीय अधिकाऱ्याचं, काम केलंय आणि मतदानाच्या दिवशी केंद्रावरही बसलोय, त्यामुळे टेबलाच्या या बाजूनं जे दिसतं ते सांगतो.

आधी "नवीन कार्ड" हे डोक्यातून काढा. कार्डावर मत पडत नाही, यादीत नाव असेल तर पडतं. तुमच्या खिशात चकचकीत कार्ड असलं आणि त्या केंद्राच्या यादीत नाव नसलं तर केंद्राध्यक्षाला काहीही करता येत नाही, आणि उलट कार्ड हरवलेलं असलं पण यादीत नाव असलं तर आधार, पॅन, लायसन, पासपोर्ट यातलं काहीही दाखवून मत देता येतं. दर निवडणुकीला दुपारी कुणीतरी कार्ड टेबलावर आपटून भांडतंच, "हे सरकारनंच दिलंय ना मला?" दिलंय, पण कार्ड फक्त ओळख पटवतं. म्हणजे तुमचं खरं काम कार्ड काढणं नसून यादीतलं नाव गावाहून वाकडला आणणं आहे, आणि त्याचा फॉर्म वेगळा, मुदत वेगळी, अडचणीही वेगळ्या.

दुसरं, "येती निवडणूक" म्हणजे कुठली ते तुम्ही लिहिलेलं नाही, आणि त्यावर बरंच अवलंबून आहे. विधानसभा आणि लोकसभा भारत निवडणूक आयोग घेतो. महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत या राज्य निवडणूक आयोग घेतो, ते वेगळं खातं. पण राज्य आयोग स्वतःची यादी बनवत नाही, तो विधानसभेचीच यादी एका ठरलेल्या तारखेला गोठवून घेतो आणि प्रभागांप्रमाणे तोडतो. मागच्या पालिका निवडणुकांना १ जुलै २०२५ ची यादी धरली होती. त्यामुळे व्हायचं काय, की एखाद्याचं नाव सप्टेंबरात लागलं, ऑनलाइन शोधलं तर दिसतंय, कार्डही पोस्टानं आलं, आणि पालिकेच्या केंद्रावर गेला तर नाव नाही. त्यात कुणी नाव कापलेलं नसतं, तो फक्त त्या तारखेनंतर आलेला असतो. प्रारूप प्रभाग यादी निघते तेव्हा हरकती मागवतात, पण त्या चुकीच्या प्रभागात नाव गेलं वगैरेसाठी असतात, नवीन नाव तिथं घालून मिळत नाही. पालिका असो की विधानसभा, नोंदणी एकाच यादीत होते, म्हणून कुठल्याही निवडणुकीची वाट न बघता आत्ता करून टाकायची.

वाट न बघता असं का म्हणतो ते २०२४ च्या विधानसभेच्या तारखांवरून कळेल. १५ ऑक्टोबरला निवडणूक जाहीर झाली. उमेदवारी अर्जाची शेवटची तारीख २९ ऑक्टोबर. कायद्यानं उमेदवारी अर्ज भरायच्या शेवटच्या दिवसानंतर यादीत काही घालता-काढता येत नाही, आणि नाव नोंदणीच्या प्रत्येक अर्जावर हरकतीसाठी किमान सात दिवस ठेवावे लागतात, शिवाय बीएलओची पडताळणी, म्हणून व्यवहारात शेवटच्या तारखेच्या दहा दिवस आधीपर्यंत आलेले अर्जच धरले गेले, म्हणजे १९ ऑक्टोबरपर्यंतचे. टीव्हीवर घोषणा ऐकून जागा झालेल्या माणसाच्या हातात जेमतेम चार दिवस उरले होते, आणि त्या चार दिवसांत आमच्याकडे अर्जांचा नुसता पूर. मतदान २० नोव्हेंबरला होतं म्हणून लोकांना वाटायचं महिना आहे की अजून. मतदानाच्या तारखेवरून मागे मोजू नका.

आता गाव की वाकड हा प्रश्न. कायदा म्हणतो जिथं तुम्ही सर्वसाधारणपणे राहता तिथं नाव. गावात घर आहे, शेत आहे एवढ्यावर तिथला मतदार होता येत नाही, तसंच चार-दोन महिने बाहेर गेलात म्हणून नाव जातही नाही. "सहा महिने राहिल्याशिवाय नोंदणी होत नाही" असं सोसायटीतलं कोणीतरी सांगेल, तर लोकप्रतिनिधित्व कायद्यात असा महिन्यांचा आकडा नाही, राहतोय हे खरं असलं पाहिजे. दोन्हीकडे नाव ठेवणं मात्र चालत नाही. एकच माणूस दोन मतदारसंघांत नको आणि एकाच मतदारसंघात दोनदा नको, अशी दोन स्वतंत्र कलमंच आहेत १९५० च्या कायद्यात, आणि खोटं प्रतिज्ञापन दिलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. दुबार नावांवरून अलीकडे किती गदारोळ झालाय ते तुम्ही बघितलंच असेल.

पण मला माहितीय, खरी अडचण कायद्याची नसते, घरची असते. "गावातलं नाव काढू नको, ग्रामपंचायतीला आपल्या वॉर्डात पाच-दहा मतांचा खेळ असतो" असं चुलते म्हणतात. ते खोटं बोलत नाहीत, छोट्या वॉर्डात एकेक मत मोजलं जातं, आणि नाव इकडे आणलं की गावच्या ग्रामपंचायतीला तुम्हाला मत देता येणार नाही, निवडणूक लढवायची मनात असेल तर तीही नाही. हा तोटा खरा आहे. मात्र "यादीतून नाव गेलं की सातबाऱ्यावरचा हक्क जाईल, रेशनकार्ड बंद होईल" हे जे सोबत चिकटवून सांगतात त्याला काही अर्थ नाही, जमिनीचा आणि मतदार यादीचा काही संबंध नाही. माझं मत विचाराल तर ज्या ठिकाणी कचरा, पाणी, रस्ता, मुलांची शाळा हे सगळं आपण भोगतो तिथं नाव असावं. पण तुम्ही वर्षभरात गावी परत जाणार असाल तर उगाच इकडे आणून पुन्हा तिकडे नेण्याची कटकट करू नका. हे तुमचं तुम्ही ठरवा, फक्त एक ठरवा.

वाकड ठरलं असं धरून पुढचं.

फॉर्म आठ भरायचा. सहा नाही. हे इतकं ठासून सांगतोय कारण इथंच सगळ्यात जास्त घोळ होतो. पूर्वी मतदारसंघ बदलला की फॉर्म सहाच भरायचे, जुन्या कार्यकर्त्यांच्या आणि झेरॉक्सवाल्यांच्या डोक्यात तेच बसलंय. ऑगस्ट २०२२ पासून फॉर्म बदलले. आता फॉर्म सहा फक्त ज्याचं नाव देशात कुठेच नाही त्याच्यासाठी, म्हणजे अठरा पूर्ण केलेली मुलं वगैरे. त्यात तुम्ही लिहूनच देता की माझं नाव दुसऱ्या कुठल्या यादीत नाही, आणि तुमचं तर गावात आहे, म्हणजे सही केली की प्रतिज्ञापन खोटं झालं आणि तुम्ही दुबार मतदार झालात. फॉर्म आठमध्ये पत्ता बदल, तपशिलात दुरुस्ती, दुसरं कार्ड, दिव्यांग म्हणून नोंद, असे चार पर्याय येतात. तुम्ही पत्ता बदल घ्यायचा आणि त्यात "विधानसभा मतदारसंघाबाहेर". जुना एपिक नंबर, म्हणजे मतदान कार्डावरचा नंबर, तोच राहतो, आणि गावातलं नाव काढायची प्रक्रिया त्याच अर्जावरून होते, त्यासाठी वेगळा फॉर्म सात भरायची गरज नाही.

ऑनलाइन करा, मतदार सेवा पोर्टलवर किंवा आयोगाच्या अ‍ॅपवर, मोबाइल नंबर टाकून ओटीपीनं आत जाता येतं. आधी स्वतःचं नाव शोधून एपिक नंबर चालू आहे ना ते बघा, कारण कधीकधी गावात पडताळणीत "स्थलांतरित" म्हणून नाव आधीच उडालेलं असतं आणि माणसाला पत्ताच नसतो. तसं झालं असेल तर मात्र फॉर्म सहा, कारण मग तुमचं नाव खरंच कुठे नाही. ज्या राज्यात सखोल पुनरीक्षण, म्हणजे यादीची नव्यानं संपूर्ण तपासणी, चालू असतं तिथं तर हे जास्तच, कारण बीएलओ घरोघर गणना फॉर्म घेऊन फिरतो आणि जो घरात सापडत नाही त्याच्या नावावर शेरा पडतो. तेव्हा आधी शोधा, मग फॉर्म.

पुढचा अडथळा मतदारसंघाचा. ड्रॉपडाऊनमध्ये पुणे जिल्हा निवडला की २१ विधानसभा येतात, आणि "पुणे" म्हणून राहणारी माणसं डोळे झाकून शिवाजीनगर नाहीतर कोथरूड टाकतात. वाकड चिंचवड विधानसभेत येतं, आणि लोकसभेला तुम्ही पुण्याचे नव्हे, मावळचे मतदार. रस्ता ओलांडून हिंजवडीत राहत असतात तर मुळशी तालुका म्हणून भोर विधानसभा आणि बारामती लोकसभा. आयटी पार्कमधल्या निम्म्या लोकांना हे ऐकून धक्का बसतो. चुकीचा मतदारसंघ टाकला तर अर्ज तिकडच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे जातो, तिकडचा बीएलओ पत्ता बघून म्हणतो माझ्या हद्दीत नाही, आणि अर्ज नामंजूर. सगळ्यात सोपा उपाय, तुमच्याच बिल्डिंगमधल्या जुन्या मतदाराला त्याचा विधानसभा मतदारसंघ आणि यादी भाग क्रमांक विचारा. तोच तुमचा असणार. बीएलओचं नाव आणि नंबरही त्या भागावरून पोर्टलवर सापडतो.

कागद. पत्त्यासाठी आधार चालतं, पण तुमच्या आधारवर गावचा पत्ता असेल तर त्याचा इथं काय उपयोग, म्हणून आधी ते बघा. बाकी पाणी, वीज, गॅसचं बिल, बँकेचं किंवा पोस्टाचं चालू पासबुक, पासपोर्ट, घराचं नोंदणीकृत खरेदीखत, आणि भाडेकरूंसाठी नोंदणीकृत भाडेकरार. हा शेवटचा कागद तुमच्याकडे बहुतेक असणारच, कारण महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवणं बंधनकारक आहे, अकरा महिन्यांचा असला तरी. एजंटनं ऑनलाइन करून पीडीएफ पाठवलेली असते, मेलमध्ये शोधा. नुसता शंभराच्या नाहीतर पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी केलेला कागद मात्र या यादीत बसत नाही. आणि करार संपलेला नको, चालू असलेला लावा. अपलोड करताना पहिलं पान, तुमचं नाव-पत्ता असलेलं पान आणि नोंदणीचा क्रमांक असलेलं पान असं एकत्र करून टाका, लोक नुसतं मुखपृष्ठ टाकतात ज्यात पत्ताच नसतो.

घरमालक "माझ्या फ्लॅटवर नाव लावू नका" म्हणाला तर काय, हे तुम्ही विचारलं नाही पण पुढे विचाराल. त्याला भीती असते की भाडेकरूचं नाव यादीत आलं की तो घरावर हक्क सांगेल. मतदार यादीनं मालकी येत नाही, ताबाही येत नाही. कायद्यानं मालकाची किंवा सोसायटीची एनओसी लागत नाही, आणि सोसायटीच्या ऑफिसात कोणी तसा कागद मागत असेल तर त्याला बीएलओशी बोलायला सांगा. तरी मालकाशी गोडीनं बोलून ठेवलेलं बरं, कारण पडताळणीत शेजारी किंवा मालकच "असं कोणी राहत नाही" म्हणाला तर आमची पंचाईत होते. आणि समजा यातला एकही कागद नाही, तरी अर्ज होतो, मग सगळं बीएलओच्या प्रत्यक्ष भेटीवर चालतं.

त्या भेटीबद्दल जरा जास्त लिहितो, कारण अर्ज कितीही नीट भरा, गाडी इथंच अडकते. माझ्या मोबाइलवर अर्ज येतो, पत्ता असतो "अमुक हाईट्स, फ्लॅट ३०४, वाकड". मी शाळा सुटल्यावर साडेपाचला तिथं पोचतो. हाईट्समध्ये ए पासून एफपर्यंत विंग, आणि सहाही विंगमध्ये ३०४. वॉचमन रजिस्टर उघडतो, त्यात फ्लॅटसमोर मालकाचं नाव, भाडेकरूचं नाहीच. बरं, अंदाजानं एका विंगमध्ये वर गेलो तर दारावरची पाटीही मालकाची, बेल वाजवली तर कोणी नाही कारण दोघं कामावर. समोरच्या दारातून एक बाई डोकावतात, "दोन मुलं राहतात वाटतं, नावं नाही माहिती". आता मी काय शेरा लिहू? आणि असे अर्ज माझ्याकडे ढिगानं, त्याच आठवड्यात घटक चाचणीचे पेपर तपासायचेत. दोनदा-तीनदा फिरूनही नाही सापडलं तर "पत्त्यावर आढळून आले नाहीत" लिहून मोकळं व्हावं लागतं.

म्हणून एवढं करा. पत्त्यात विंग, सोसायटीचं पूर्ण नाव, जवळची खूण आणि पिनकोड घाला. गेटवरच्या रजिस्टरमध्ये आणि लेटरबॉक्सवर स्वतःचं नाव लावा, दारावर छोटी चिठ्ठी चिकटवली तरी चालेल. अर्जात जो मोबाइल नंबर दिलाय तो उचला, अनोळखी नंबर म्हणून कापू नका, आमच्याकडे ऑफिसचा फोन नसतो, आम्ही स्वतःच्याच मोबाइलवरून करतो. आणि अर्ज भरल्यावर दोन-चार दिवसांनी तुम्हीच बीएलओला फोन करून "सर, माझा अमुक नंबरचा अर्ज आलाय, रविवारी सकाळी घरी आहे" एवढं सांगा. मला असा फोन आला की मी त्या माणसाला मनातल्या मनात धन्यवाद देतो. पैसे मात्र कोणालाही द्यायचे नाहीत, अर्जाला फी नाही.

अर्ज दिल्यावर संदर्भ क्रमांक येतो, त्यावरून तो कुठं पोचला ते बघता येतं. नामंजूर झाला तर कारण बघा. निर्णय पटला नाही तर पंधरा दिवसांत जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे अपील आहे, पण कारण जर कागद नीट दिसत नाही किंवा पत्ता सापडला नाही असं असेल तर अपिलापेक्षा नव्यानं नीट अर्ज करणं लवकर होतं. मंजूर झाला की पोर्टलवर पुन्हा शोधून यादी भाग आणि अनुक्रमांक लिहून ठेवा. छापील यादीत बघणार असाल तर शेवटच्या पुरवणीतही बघा, नवीन नावं तिथं असतात, लोक मूळ यादी चाळून नाव नाही म्हणून परत जातात.

आता वहिनींचं. त्यांचाही फॉर्म आठ, पत्ता बदल, मतदारसंघाबाहेर. आडनावाचं काम पत्ता बदलाच्या अर्जात घुसवू नका, त्या फॉर्मवर एका वेळी एकाच कामावर खूण करायची असते. आधी नाव वाकडला येऊ दे, मग त्याच एपिक नंबरवर दुसरा फॉर्म आठ, तपशील दुरुस्तीचा, सोबत विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्र किंवा नवीन नावाचं आधार, जे असेल ते. आणि मुळात आडनाव बदलायचंच असं कुठं आहे? माहेरच्या नावानं मत द्यायला काही आडकाठी नाही. पॅन, बँक, पासपोर्ट सगळं जुन्या नावानं असेल तर यादीतही तेच राहू देणं सोयीचं, कारण केंद्रावर ओळखपत्रातलं आणि यादीतलं नाव जुळलं की काम झालं. नात्याच्या रकान्यात वडिलांच्या जागी नवऱ्याचं नाव हवं असेल तर तेही दुरुस्तीतच. भाडेकरार तुमच्या एकट्याच्या नावावर असेल तर आधी तुमचं नाव लागू द्या, मग त्याच पत्त्यावर त्यांना तुमचा कागद जोडता येतो. दुरुस्ती करताना मराठी आणि इंग्रजी दोन्हीकडचं स्पेलिंग सावकाश वाचा. टाइप करताना सॉफ्टवेअर आपोआप मराठी करून देतं आणि "वैशाली"ची "वैशली" होते, मग ती दुरुस्त करायला तिसरा अर्ज.

इथपर्यंतचं थोडक्यात सांगायचं तर आधी नाव शोधा, जिवंत असेल तर दोघांचेही फॉर्म आठ, मतदारसंघ चिंचवड, चालू नोंदणीकृत करार, गेटवर नाव, बीएलओला फोन, आणि हे सगळं निवडणूक जाहीर होण्याच्या खूप आधी.

मतदानाचा दिवस त्यामानानं सोपा. आदल्या आठवड्यात मतदार माहिती चिठ्ठी येते, त्यावर केंद्र, भाग, अनुक्रमांक असतो. नाही आली तर पोर्टलवर किंवा १९५० या हेल्पलाइनवर फोन करून कळतं. केंद्र तेच असेल असं धरू नका, शाळेचं काम चालू असलं तर हलतं, आणि हल्ली काही मोठ्या सोसायट्यांतसुद्धा केंद्रं येतात. ही चिठ्ठी ओळखपत्र म्हणून चालत नाही, बाहेर टेबल टाकून बसलेल्या कार्यकर्त्यांची पांढरी चिठ्ठी तर अजिबातच नाही, ती नुसती नंबर शोधायच्या सोयीसाठी. मतदान कार्ड नसेल तर आधार, पॅन, लायसन, पासपोर्ट, फोटो असलेलं बँकेचं किंवा पोस्टाचं पासबुक, रोजगार हमीचं जॉबकार्ड, फोटो असलेली पेन्शनची कागदपत्रं, सरकारी नोकरीचं ओळखपत्र, दिव्यांगांचं यूडीआयडी असे पर्याय असतात. रेशनकार्ड त्यात नाही. प्रत्यक्ष कार्ड घेऊन जा, फोनमधला फोटो दाखवायचा म्हटलं तर फोन आत नेता येत नाही, तिथंच वाद सुरू होतात. खाजगी कंपनीत असाल तर भरपगारी सुट्टीचा तुमचा हक्क १९५१ च्या कायद्यात आहे, मॅनेजरला आधीच मेल टाकून ठेवा.

आत गेल्यावर पहिला अधिकारी यादीत नाव बघून मोठ्यानं वाचतो, म्हणजे उमेदवारांच्या प्रतिनिधींना हरकत घेता येते. दुसरा डाव्या तर्जनीला शाई लावतो, रजिस्टरवर सही घेतो आणि चिठ्ठी देतो. तिसरा ती चिठ्ठी घेऊन कंट्रोल युनिटचं बटण दाबतो, मग तुमचं मशीन चालू होतं. निळं बटण दाबलं की लाल दिवा, आणि व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मताची चिठ्ठी छापणाऱ्या यंत्राच्या, काचेत सात सेकंद चिठ्ठी दिसते, बीप ऐकूनच बाहेर या. पालिकेला व्हीव्हीपॅट नसतं, पण तुमच्या पिंपरी-चिंचवडला चार सदस्यांचा प्रभाग आहे, म्हणजे एकाच मतदाराला अ, ब, क, ड अशा चार जागांसाठी मत द्यायचं. तिथं लोक एक बटण दाबून निघतात आणि मशीन तसंच अडकून राहतं, मागची रांग ओरडते.

समजा गेलात आणि कळलं की तुमच्या नावानं आधीच कोणी मत देऊन गेलंय. अशा वेळी लोक शिव्या घालून घरी जातात, जाऊ नका. केंद्राध्यक्षाला सांगा, ओळख पटली की तुम्हाला मतपत्रिका मिळते, तिला प्रदत्त मत म्हणतात. ती मशीनमध्ये जात नाही, वेगळ्या पाकिटात बंद होते आणि नेहमीच्या मोजणीत धरली जात नाही, पण त्याची नोंद राहते आणि निकाल कोर्टात गेला तर ती महत्त्वाची ठरू शकते. नावात एखादा काना-मात्रा चुकलाय, फोटो जुना आहे, एवढ्यासाठी कोणी परत पाठवायला नको, ओळख पटत असेल तर मत द्यायचं असतं. आणि मतदान संपायच्या वेळेला रांगेत असाल तर घाबरू नका, तेव्हा जेवढे रांगेत उभे तेवढ्यांना शेवटच्या माणसापासून चिठ्ठ्या वाटतात आणि कितीही वाजले तरी सगळ्यांचं मतदान होतं.

राहिली आजी. विधानसभा-लोकसभेला ८५ वर्षांवरच्यांना आणि ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्यांना घरून मतदानाची सोय आहे, त्यामुळे ८७ ला त्या बसतात, फक्त यादीतलं वय बघा, कारण जुन्या माणसांची वयं अंदाजानं टाकलेली असतात आणि आजी यादीत ७९ च्या निघतात. तसं असेल तर आत्ताच दुरुस्तीचा फॉर्म आठ भरून टाका, निवडणूक लागल्यावर वेळ नसतो. घरून मतदानासाठी फॉर्म बारा-ड लागतो, तो गावचा बीएलओच घरी आणून देतो, आणि अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत भरून परत जायला हवा. नंतर ठरलेल्या दिवशी पथक घरी येतं, कागदी मतपत्रिकेवर गुप्त मतदान घेतं, व्हिडिओग्राफर सोबत असतो पण मतपत्रिकेवर खूण करताना तो चित्रीकरण करत नाही. पहिल्या वेळी आजी घरी नसल्या तर पथक आणखी एकदा येतं, त्यानंतर नाही, म्हणून त्या दिवसांत त्यांना लेकीकडे वगैरे नेऊ नका. आणि एकदा बारा-ड मंजूर झाला की यादीत त्यांच्या नावापुढे तशी खूण पडते, मग मतदानाच्या दिवशी नातवानं गाडीत बसवून केंद्रावर आणलं तरी मशीनवर मत देता येत नाही, तर दोन्हीपैकी काय करायचं ते आजींनाच विचारून फॉर्म भरा.